‘गाळप’ची चोरी

सलूनवाल्या अण्णांनी माझ्या डाव्या गालावरून वस्तरा फिरवला होता, उजव्या गालावर अजून फेस होता, आणि रस्त्यावरून आमचं गाणं गेलं.

गणेश चतुर्थीची सकाळ होती. सांगलीच्या वखारभागात मंडळांची गणपती आणायची गडबड चालली होती. एका टेम्पोवर माणसाच्या उंचीचे स्पीकर एकावर एक रचलेले होते आणि पुढं घोळका नाचत होता. आधी वाफ सुटल्यासारखा लांब फुसकारा ऐकू आला. मी खुर्चीत ताठ झालो. मग साखळी ओढल्याचे लोखंडी ठोके सुरू झाले, हलगीच्या चालीचे, त्यात एक ठोका कायम किंचित मागं राहणारा. तो मागं राहणारा ठोका मी दोन वर्षं ऐकत होतो. तो तीनच ठिकाणी असायला हवा होता: माझ्या कॉम्प्युटरवर, इम्तियाजच्या स्टुडिओत, आणि जिनं तो घडवला त्या त्रिशला मगदूमच्या घरी.

मी गळ्यातल्या फडक्यासकट बाहेर धावलो. टेम्पो चौकात वळत होता. तेवढ्यात गाण्याच्या वर एक घोगरा आवाज चढला, रेकॉर्ड करून मुद्दाम घातलेला: “डीजे रणजित... कवठेमहांकाळ... नाद नाय करायचा.”

मी टेम्पोच्या मागं पळालो, पण घोळक्यातून पुढं जाता येईना. एकानं माझा फेस बघून मला नाचायलाच ओढलं. परत आलो तेव्हा अण्णा वस्तरा हातात धरून दारात उभे होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. चोरी झाली, एवढंच मी सांगितलं. ते बिचारे माझे खिसे बघायला लागले.

तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो आणि ‘खटका’ नावाचं लेबल चालवत होतो. लेबल म्हणजे काय हे मला त्या काळात रोज कुणाला तरी सांगावं लागायचं. दुसऱ्यांनी केलेलं संगीत निवडायचं, नीट करून घ्यायचं, छापायचं, त्यावर त्यांचं नाव घालून जगात पाठवायचं. आमचं संगीत सगळं यंत्रावरचं. गायक नाही, शब्द नाहीत, तबला-पेटी नाही. पुण्यात सहा-सात वर्षं जाहिरातींच्या जिंगल वाजवून कंटाळलो, घरी परतलो, आणि दादांच्या पाण्याच्या पंपांच्या दुकानावर जी खोली होती तिथं हा उद्योग मांडला. दादा म्हणजे माझे वडील. खाली पंप विकले जायचे, वर काहीच विकलं जायचं नाही. दादांनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही. फक्त गिऱ्हाईक आलं की ते वर बघत म्हणायचे, “आवाज जरा कमी कर रे निशू, पंप चालू करून दाखवायचाय.”

त्रिशला मगदूम मला अशीच अचानक सापडली. जयसिंगपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्या फिजिक्स शिकवत. नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. हंगामात एकदा त्या नवऱ्याचा डबा द्यायला कारखान्यात गेल्या आणि तिथं जे ऐकलं ते त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढच्या वेळी रेकॉर्डर घेऊन गेल्या. उसाची मोळी पट्ट्यावर पडते तो आवाज, रस वाहण्याचा, वाफ सोडण्याचा, साखळ्यांचा, पाळी बदलताना वाजणाऱ्या भोंग्याचा. रविवारी घरच्यांची जेवणं झाली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यांनी त्याचं एक अखंड गाणं बांधलं. नाव ठेवलं ‘गाळप’. ते मला पाठवताना सोबत एकच ओळ होती: बघा, जमलंय का.

मी ते पहिल्यांदा ऐकलं आणि उठून खोलीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या कुणी ते ऐकायच्या आत ते माझ्याकडे हवं असं मला वाटलं. लेबल चालवणाऱ्या माणसाला असं आयुष्यात एखाद्या वेळी वाटतं. त्याच आठवड्यात मी जयसिंगपूरला जाऊन करार केला.

त्यानंतरची दोन वर्षं मी ते गाणं नीट करत होतो. म्हणजे मिरजेत माझा मित्र इम्तियाज याच्याकडून त्याचं मिक्सिंग करून घेत होतो, मग ते न पटून पुन्हा करून घेत होतो. मुखपृष्ठ तीनदा बदललं. मला ते काळ्या तबकडीवर छापायचं होतं, आणि जर्मनीतल्या एका वितरकानं ते बघायची तयारी दाखवली होती. त्याच्या उत्तराची वाट बघण्यात एक पावसाळा गेला, मग दुसरा गेला. गाण्यात मधे एक जागा अशी होती की सगळं एकदम थांबायचं आणि लांबून फक्त भोंगा ऐकू यायचा. मला ती थांबलेली जागा फार लांबलेली वाटायची. कमी करा असं मी मगदूम मॅडमना सुचवलं. त्या म्हणाल्या, “राहू दे की.” त्या फारसं बोलायच्या नाहीत. मी कधी होईल ते सांगायचो आणि त्या बरं म्हणायच्या.

आणि आता ते टेम्पोवर वाजत होतं, वर कुण्या रणजितचं नाव थापून.

उरलेली दाढी तशीच ठेवून मी मोटारसायकल काढली आणि मिरज गाठली. इम्तियाजचं घराणं सतार करणाऱ्यांचं. त्याच्या वडिलांच्या कारखान्यामागच्या खोलीत त्याचा स्टुडिओ. शाळेपासूनचा मित्र. तो सणाची सुट्टी म्हणून जमिनीवर बसून वायरी गुंडाळत होता. मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. मी विचारलं की तुझ्याकडे कोण कोण येतं, पेन ड्राइव्ह कुठं पडलेला असतो, कवठेमहांकाळच्या रणजितला तू ओळखतोस का.

“ओळखतो,” तो म्हणाला. “इकडं सगळेच ओळखतात त्याला. मशीन दुरुस्तीला आणतो माझ्याकडे.”

“मग झालं तर.”

इम्तियाजनं गुंडाळलेली वायर खाली ठेवली. तो ओरडला नाही. कपाटातून माझी हार्ड डिस्क काढली, तिच्यावरची धूळ शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. “हे तुझं सगळं घेऊन जा निशिकांत. माझ्याकडे आता काही ठेवू नको.”

बाहेर आलो तेव्हा मला वाटत होतं की मी बरोबरच आहे, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

दुपारी मॅडमना फोन केला. त्यांना धक्का बसेल म्हणून आधी इकडचं तिकडचं बोललो आणि मग सांगितलं. त्यांनी विचारलं, “कसं वाजत होतं?”

मी म्हटलं, प्रश्न कसं वाजत होतं हा नाही.

“नाही, तरी पण. खालचे आवाज फुटत होते का?”

मी चिडून म्हणालो की मी फेसासकट रस्त्यावर पळत होतो, मला खालचे-वरचे आवाज ऐकायला सवड नव्हती. त्या हसल्या आणि लगेच सॉरी म्हणाल्या. मग म्हणाल्या की त्या गडबडीत आहेत. कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचं काम त्यांच्याकडे होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना विद्यार्थ्यांची फेरी काढायची होती. फेरी कसली, तर मिरवणुकीत आवाज कमी ठेवा म्हणून.

“जाऊ द्या ना पोरे सर,” फोन ठेवताना त्या म्हणाल्या. “वाजलं ते वाजलं.”

मला ते जाऊ देता येत नव्हतं. पुढचे दिवस मी नुसता धुमसत होतो. सांगलीत जाईन तिथं ‘गाळप’ वाजत होतं. मारुती रोडवर, बसस्थानकाजवळ, आमच्या दुकानासमोरच्या मंडळात सकाळ-संध्याकाळ. त्या हंगामातलं ते सगळ्यात गाजलेलं गाणं ठरलं. लोकांनी त्याला आपलं नावही दिलं होतं, ‘रणजितची साखळी’. मोबाइलमधून मोबाइलमध्ये ते पसरलं, आणि एका तासगावच्या डीजेनं तर रणजितचं नाव पुसून स्वतःचं घातलं. म्हणजे चोरावरही चोर निघाला. ज्या गाण्यासाठी मी जर्मनीला पत्रं लिहीत होतो त्यावर मारुती रोडवर लोक घामाघूम होऊन नाचत होते, आणि ते कुणी केलं हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

दादांना सगळं कळलं होतं. एकदा जेवताना म्हणाले, “दोन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या मालाला गिऱ्हाईक दिसलं.”

“चोरीला गेलाय तो माल.”

“मग काय. कुणाला तरी हवा होता म्हणून गेला.” त्यांनी आमटी वाढून घेतली. मी पानावरून उठलो.

पोलीस ठाण्यात गेलो तर तिथं बंदोबस्ताची धावपळ. एका हवालदारांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. गाण्याचे बोल लिहून द्या म्हणाले. बोल नाहीत म्हटलं. मग गायकाचं नाव द्या. गायक नाही. मग हे गाणंच आहे हे कशावरून, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात टिंगल अजिबात नव्हती. शेवटी त्यांनीच मार्ग सांगितला: ज्यांनी ते केलंय त्यांच्या सहीचा अर्ज आणा, मग बघू.

अर्ज लिहिण्याआधी मी रणजितला भेटायला कवठेमहांकाळला गेलो. गावाबाहेर त्याचं पत्र्याचं गोडाऊन होतं. मला एखादा दांडगा माणूस भेटेल असं वाटलं होतं. रणजित लोखंडे बारीक होता, चष्मा लावायचा आणि स्पीकरच्या फाटलेल्या पडद्याला डिंक लावत बसला होता. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी ओरडून दमेपर्यंत डिंक लावत राहिला.

“ढापलेलं न्हाई साहेब,” शेवटी तो म्हणाला. “मला मिळालंय ते.”

“कुणी दिलं?”

“ते न्हाई सांगता येणार. शब्द दिलाय.”

मी पोलिसांची भीती घातली. तो म्हणाला, करा तक्रार. मी म्हटलं, निदान तुझं नाव तरी काढ त्यातून. त्यावर तो खरोखर विचारात पडला. म्हणाला, नाव काढलं तर दुसरा कुणी स्वतःचं घालणार, त्यापेक्षा आपलं असलेलं बरं, आपण निदान मधल्या शांत जागेला हात लावत नाही. मग मला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “राग मानू नका. ज्यांचं आहे त्यांनाच इचारा एकदा.”

“ज्याचं आहे तो मीच,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि नुसतं “बरं” म्हणाला.

परत येताना मी मोटारसायकलवर एकटाच बडबडत होतो. ह्या लोकांना कशाचीच पडलेली नव्हती. इम्तियाजला नाही, दादांना नाही, पोलिसांना नाही, आणि जिचं गाणं गेलं तिलाही नाही. तिचं नाव वर यावं म्हणून जीव टाकणारा सगळ्या जिल्ह्यात मी एकटा होतो.

विसर्जनाच्या दिवशी अर्ज टाइप करून मी जयसिंगपूरला गेलो. मगदूमांच्या घरी त्यांच्या सासूबाईंनी दार उघडलं. कानांत कापूस होता. सूनबाई मिरवणुकीच्या रस्त्यावर आहेत, कॉलेजचं काम आहे, असं त्यांनी मला मोठ्यानं सांगितलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा कारखान्यात गेला होता.

मुख्य रस्त्यावर दुपारच्या उन्हात गुलाल उडत होता. एका बंद असलेल्या कापड दुकानाच्या पायरीवर मॅडम उभ्या दिसल्या. पदर खोचलेला, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, आणि हातात रिमोटसारखं एक यंत्र. आवाज मोजायचं यंत्र होतं ते. दरवर्षी कॉलेजकडून मिरवणुकीतल्या आवाजाची मोजणी होऊन ती तहसीलदारांकडे जायची आणि त्या वर्षी ते काम त्यांच्याकडे होतं. सोबतचे दोघे शिक्षक चहाला गेले होते.

मी पायरीवर चढलो. अर्ज काढला. रणजितकडे काय झालं, पोलीस काय म्हणाले, सही कुठं हवी, हे त्यांच्या कानाशी सांगायला सुरुवात केली. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष रस्त्याच्या टोकाकडं होतं. तिकडून एक ट्रक वळत होता. पुढच्या बाजूला लाल अक्षरात लिहिलं होतं, डीजे रणजित.

“सर, थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “आता बोलू नका.”

वाफेचा फुसकारा आला. मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं, चांगल्यात चांगल्या हेडफोनवर, इम्तियाजच्या स्टुडिओत, माझ्या खोलीत. पण ते माझ्या छातीच्या हाडांतून कधी गेलं नव्हतं. साखळीचे ठोके सुरू झाले आणि दुकानाचं शटर मागं थरथरायला लागलं. घोळका त्या मागं राहणाऱ्या ठोक्याला वाकत होता, सगळे एकदम, कुणी शिकवल्यासारखे. मग ते थांबलं. मला जी जागा लांबलेली वाटायची ती आली. लांबून फक्त भोंगा. सगळा रस्ता हात वर करून उभा राहिला. गुलाल खाली बसताना दिसला. त्या गर्दीतले कितीतरी जण हंगामात त्याच भोंग्यावर कामाला जात असतील. एक जण डोळे मिटून उभा होता. आणि मग पुन्हा ठोका पडला.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांचे ओठ थोडे उघडे होते आणि त्या वर, ट्रकच्या भिंतीकडे बघत होत्या. आपल्या मुलाला शाळेत भाषण करताना बघावं तशा. ट्रक समोरून जाताना वरती चष्मेवाला रणजित दिसला. त्यानं पायरीकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडून मान लववली. मला नाही. त्यांना.

ट्रक पुढं जाऊन बोलण्यापुरता आवाज उतरला.

“तुम्ही दिलंत,” मी म्हटलं.

“हो.”

“कधी?”

“उन्हाळ्यात. इम्तियाजभाईंच्या कारखान्यासमोर हा त्याच्या गाडीची वायरिंग करत होता. मीच बोलले त्याच्याशी. इम्तियाजभाईंना काही माहीत नाही.”

इम्तियाजचं नाव ऐकून मला त्यानं हातात दिलेली हार्ड डिस्क आठवली. तरी मी तोंडानं भलतंच बोललो. करार झाला होता आपला, असं म्हणालो. जर्मनीचं उत्तर यायचं होतं, मुखपृष्ठ छापायला टाकलं होतं, तुम्हाला एकदा विचारता आलं नसतं का. आणि का, हे तरी सांगा.

त्यांनी यंत्र बंद केलं. “दोन वर्षं तुमच्याकडे होतं सर. मी विचारलं की तुम्ही म्हणायचा, अजून नीट व्हायचंय. तुमच्या खोलीत आपण ते ऐकायचो ना, ते छान वाटायचं, पण लहान वाटायचं. मी ते एवढंसं केलेलं नाही. कारखान्यात उभं राहिलं की जेवढं असतं तेवढं ते आहे. मला एकदा तेवढं ऐकायचं होतं. ते मी कुठं ऐकणार? घरात? कॉलेजात?”

“त्याच्यावर तो स्वतःचं नाव ओरडतोय.”

“ओरडू दे की. मागच्या आठवड्यात मी दोनशे मुलांना घेऊन ‘आवाज कमी करा’ म्हणत ह्याच रस्त्यानं गेले. आज माझं नाव ओरडलं तर प्राचार्य काय म्हणतील?” त्या हसल्या, आणि मग हसू गेलं. “नाव तुम्हाला हवंय सर. मला ते वाजायला हवं होतं.”

मी यंत्राकडे बोट दाखवलं आणि विचारलं की आत्ताचा आकडा काय आला.

“खूप जास्त. लिहावा लागणार.”

“तुमच्याच गाण्याचा?”

“मग दुसऱ्या कुणाचा लिहू? सासूबाई कापूस घालून बसल्यात. त्यांना त्रास होतो तो काही खोटा नाही.” मग त्यांनी माझ्या हातातला अर्ज घेतला, वाचला आणि पर्समधून पेन काढलं. “सही करते मी. करार मोडलाय, ते कबूल आहे. फक्त ह्यात चोरी झाली असं लिहिलंय ते खोडा, आणि मीच दिलं असं लिहा.”

मी अर्ज परत घेतला. फाडलाही नाही आणि दिलाही नाही. घडी घालून खिशात ठेवला. इतका राग आला होता आणि तो ठेवायला कुठं जागाच नव्हती. चोर असता तर त्याच्यावर ठेवला असता.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. त्याच आठवड्यात मी मिरजेला गेलो. इम्तियाजनं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि बरं झालं कळलं ते, असं म्हणाला. आमची बोलचाल आजही आहे, त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढायला होतो, पण ‘खटका’च्या कामाला त्यानं परत हात लावला नाही. जर्मनीचं उत्तर आलंच नाही. कारखाने सुरू व्हायच्या सुमारास मी ‘गाळप’ छापलं, तबकडीवर, जसं होतं तसं. त्यावर नाव घालायला मॅडम तयार झाल्या नाहीत, तेव्हा नुसतं ‘खटका’ घातलं. परदेशातल्या दोन-चार जणांनी त्यावर मनापासून लिहिलं. सांगलीत ज्यांनी ते विकत घेतलं त्यांची नावं मी अजून सांगू शकेन. आमच्या समोरच्या मंडळाच्या अध्यक्षाला मी कौतुकानं एक तबकडी दिली. त्यानं ऐकून मला सांगितलं की रणजितच्या साखळीची ही नक्कल बरी जमलीय, पण मूळची मजा नाही.

मॅडमनी त्यानंतर आणखी तीन गाणी केली. प्रत्येक वेळी करारात एक अट असायची: आधी ते रणजितच्या गाडीवर जाणार, मग माझ्याकडे येणार. मी प्रत्येक वेळी त्यावर भांडलो आणि प्रत्येक वेळी सही केली. लेबल चाललं, अजून चालतंय. लोक मला म्हणतात की तुला तेव्हा मोठी गोष्ट कळली. मला तसं वाटत नाही. ज्यानं एखादी गोष्ट केली त्याचं नाव त्या गोष्टीवर असावं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. त्यांनी मला निरुत्तर केलं, पटवलं नाही.

पण त्या दुपारी, त्यांचे सहकारी चहाहून परत आल्यावर, त्या मोजणीसाठी पुढच्या चौकात निघून गेल्या आणि मी पायरीवरच बसून राहिलो. थोड्या वेळानं दुसरा ट्रक आला. हा त्या तासगाववाल्याचा. त्यावरही ‘गाळप’च वाजत होतं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. घोळक्यातला एक जण दम खायला माझ्या शेजारी येऊन टेकला. चाळिशीचा असेल, कपाळभर गुलाल, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. त्यानं ट्रककडे हात केला आणि माझ्या कानात ओरडला, “काय गाणं केलंय राव. कुणाचं आहे ओ हे?”

हा प्रश्न कुणीतरी मला विचारावा म्हणून मी दोन वर्षं काढली होती. त्या माणसाचा ह्या गावाशी काय संबंध, तो कुणाला जाऊन सांगेल, मॅडमना ते चालेल का, ह्यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नाही. मी सांगितलं. त्रिशला मगदूम.

त्यानं कानामागं हात धरला. “कोण?”

मी उभा राहिलो आणि जेवढा आवाज निघेल तेवढा काढून सांगितलं. त्यानं मान हलवली, ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा मी त्याच्या कानाला जवळजवळ तोंड लावून एकेक अक्षर सुटं करून ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग माझ्या खांद्यावर समजुतीनं थोपटलं.

“रणजितचंच असंल,” तो म्हणाला, आणि नाचायला गेला.